प्रवचनाची खतावणी

चातुर्मासाची यादी जाहीर झाली की प्रत्येक तालुक्यात दोन प्रकारची गावे दिसू लागतात. काही गावांच्या स्थानकात साधु-साध्वी विराजमान होतात. उरलेल्या गावांत जैन घरे असतात, स्थानकही असते. पण चार महिने पाट रिकामाच राहतो. अशा गावांत पर्युषणाचे आठ दिवस धर्मजागरण व्हावे म्हणून स्वाध्यायी श्रावक-श्राविका जातात. कोणी दुकान मुलाच्या हाती सोपवून जातो, कोणी नोकरीतून रजा काढतो, कोणी सून-नातवंडांचा निरोप घेऊन एस. टी. धरते. आठ दिवस सकाळी शास्त्रवाचन, त्यावर प्रवचन, दुपारी चौपाई किंवा थोकडे आणि सायंकाळी प्रतिक्रमण, असा हा क्रम असतो. त्या गावातल्या दहा-पंधरा घरांना वर्षभरात मिळणारे आगमश्रवण बहुधा एवढेच. म्हणूनच स्वाध्यायीची तयारी कच्ची राहिली, तर ती उणीव त्याच्यापुरती राहत नाही. गावाचे वर्ष रिकामे जाते.

या तयारीसाठी अलीकडे तरुण स्वाध्यायी संगणकावरील किंवा मोबाइलवरील ‘माइंड मॅप’ वापरू लागले आहेत आणि ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ असे विचारू लागले आहेत. प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर किमतीच्या तक्त्यात सापडत नाही. प्रवचन कसे घडते हे आधी पाहिले, तरच साधनाची पारख करता येते.

माइंड मॅप म्हणजे विचारांचा नकाशा. कागदाच्या मध्यभागी मुख्य विषय लिहायचा, त्यातून चहूबाजूंना फांद्या काढायच्या, फांद्यांना पोटफांद्या फोडायच्या आणि प्रत्येक फांदीवर एखाददुसराच शब्द लिहायचा. ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी 1974 मध्ये बीबीसीवरील मालिकेतून व त्याच काळातील पुस्तकातून या पद्धतीला हे नाव दिले आणि जगभर तिचा प्रसार केला. व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाला मात्र यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिले जातात. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर जाऊन बसतात. ग्रंथ पहिल्या पानापासून वाचणे ही रोजकीर्द होय आणि त्यातील विषय आपापल्या फांदीवर नेऊन मांडणे ही खतावणी. प्रवचन पुन्हा रोजकीर्दीच्या क्रमानेच करावे लागते, कारण ऐकणारा एका वेळी एकच वाक्य ऐकतो. परंतु खतावणी तयार असल्याविना बोलणाऱ्याला कोणत्या खात्यात किती शिल्लक आहे, हे कळत नाही.

जैन परंपरेत ज्ञानाची अशी मांडणी प्राचीन आहे. स्थानांग सूत्रात विषयांची रचनाच संख्येवर केलेली आहे; एक संख्येचे बोल पहिल्या स्थानात, दोनचे दुसऱ्यात, अशी दहा स्थाने. समवायांगानेही तोच मार्ग धरला. ज्या काळी ग्रंथ कंठातच राहत होते, त्या काळी संख्या ही स्मृतीची खुंटी होती. पाठशाळेत मुले ज्या ‘पच्चीस बोल’च्या थोकड्याने आरंभ करतात, तो याच रीतीचा सुटसुटीत नमुना आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याचा तर या विषयाशी निकटचा संबंध आहे. पूज्य तिलोकऋषिजी महाराज मूळचे रतलामचे. विक्रम संवत 1904 मध्ये त्यांचा जन्म झाला. बालवयात दीक्षा घेतलेल्या या कविमुनींनी विपुल रचना केली आणि संवत 1940 मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, नगर येथे देह ठेवला. त्यांची ‘ज्ञानकुंजर’ आणि ‘शीलरथ’ ही चित्रकाव्ये प्रसिद्ध आहेत. एकात हत्तीची आकृती, दुसऱ्यात रथाची. आणि त्या आकृतींत गुंफलेले काव्य. विषय डोळ्यांसमोर एका दृष्टिक्षेपात उभा करावा, ही कल्पना संगणक येण्याच्या पुष्कळ आधी या परंपरेतील संतांच्या लेखणीने प्रत्यक्षात आणली होती. पुढे पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे 1900 मध्ये जन्मलेले आणि 1913 मध्ये मिरी येथे दीक्षित झालेले आचार्य आनंदऋषिजी महाराज यांच्या प्रेरणेने पाथर्डीत धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले. त्या बोर्डाच्या नावातील ‘तिलोक’ हे याच कविमुनींचे स्मरण आणि ‘रत्न’ हे आनंदऋषिजींचे गुरू रत्नऋषिजी महाराज यांचे. या परीक्षांचा अभ्यास ज्यांनी वहीत रकाने आखून केला, त्यांना माइंड मॅप ही काही परकी वस्तू वाटू नये.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळावे. स्थानकवासी परंपरेत पर्युषणात अंतगड सूत्राचे वाचन होते. त्याचे आठ वर्ग आणि नव्वद अध्ययने आहेत. वर्गवार अध्ययने अनुक्रमे 10, 8, 13, 10, 10, 16, 13 आणि 10. बेरीज 90. ही तेरीज जुळली म्हणजे नकाशाचा सांगाडा बरोबर आहे, असे समजावे. पहिल्या पाच वर्गांतील 51 आत्मे भगवान अरिष्टनेमींच्या काळातील आणि शेवटच्या तीन वर्गांतील 39 भगवान महावीरांच्या काळातील. अर्थात मध्यबिंदूपासून प्रथम दोनच मोठ्या फांद्या निघतात.

नवख्या स्वाध्यायीचा पहिला घोटाळा येथेच होतो. वर्ग आठ आणि दिवसही आठ. म्हणून रोज एक वर्ग, असा सरळ हिशेब तो मांडतो. पडद्यावर आठही फांद्या सारख्याच लांबीच्या दिसतात, त्यामुळे तो हिशेब पटतोही. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गात देवकी मातेचा व गजसुकुमाल मुनींचा विस्तृत प्रसंग आहे, तर सातवा वर्ग अगदी आटोपशीर आहे. तिसऱ्या दिवशी वेळ पुरत नाही आणि सातव्या दिवशी काय बोलावे हा प्रश्न पडतो. नकाशा विषयाची रचना दाखवतो, त्याचे वजन दाखवत नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक फांदीवर नावापुढे मूळ पाठाची पाने आणि बोलण्यास लागणारी मिनिटे लिहावीत. नावापुढे रक्कम नसेल, तर खाते उघडूनही उपयोग काय?

नकाशाचे खरे बळ मात्र क्रमाने वाचताना न दिसणाऱ्या गोष्टी दाखवण्यात आहे. पाचव्या वर्गातील दहा, सातव्यातील तेरा आणि आठव्यातील दहा अध्ययने स्त्रियांची आहेत. एकूण 33. उरलेले 57 पुरुष. म्हणजे ज्या नव्वद आत्म्यांनी त्याच भवात कर्मांचा अंत केला, त्यांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया आहेत. पाचवा वर्ग एका दिवशी, सातवा-आठवा दोन-तीन दिवसांनी, असे वाचन झाले की ही गोष्ट वाचणाऱ्याच्याही नजरेतून निसटते. स्थानकात समोर बसलेल्यांत बहुतेक ठिकाणी श्राविकांचीच संख्या अधिक असते. त्यांना ही तेरीज कोणी मांडून दाखवली नाही, तर प्रवचनकाराने आठ दिवस बोलूनही त्यांच्या खात्यावरची मोठी रक्कम त्यांना सांगितली नाही, असेच म्हणावे लागेल.

क्षमेचेही तसेच. गजसुकुमाल मुनींच्या मस्तकावर सोमिलाने धगधगते निखारे ठेवले, तो प्रसंग तिसऱ्या वर्गातील आठव्या अध्ययनात येतो. ज्यांचे आप्त अर्जुनमाळ्याच्या हातून मारले गेले, त्यांचे घाव मुनी झालेल्या अर्जुनाने समभावाने सोसले. हा प्रसंग सहाव्या वर्गातील तिसऱ्या अध्ययनात आहे. एका ठिकाणी निरपराध मुनी सहन करतो, दुसऱ्या ठिकाणी अपराध केलेला मनुष्य मुनी होऊन सहन करतो. हे दोन्ही प्रसंग एकाच धाग्यात ओवून आठव्या दिवशी, संवत्सरीच्या क्षमापनेपर्यंत नेता आले, तर ‘खमावतो’ हा शब्द केवळ ओठांवरचा राहत नाही. हा धागा नकाशावर एका फांदीपासून दुसऱ्या फांदीपर्यंत आडव्या रेषेने दाखवावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअर घेताना पहिली चौकशी हीच करावी की, दोन दूरच्या फांद्यांना जोडणारी बाणरेषा काढता येते काय आणि त्या रेषेवर शब्द लिहिता येतो काय? नुसती रेषा ‘संबंध आहे’ एवढेच सांगते. कोणता संबंध, हे क्रियापदाने कळते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी 1970 च्या दशकात विकसित केलेल्या ‘कन्सेप्ट मॅप’ पद्धतीत जोडरेषांवर शब्द लिहिण्याचा आग्रह आहे. तो स्वाध्यायींनी अवश्य उचलावा.

दुसरी चौकशी अशी की, साधनाला झाडाखेरीज अन्य आकार पेलतो काय? माइंड मॅप हा स्वभावतः वृक्ष आहे. प्रत्येक फांदीला एकच मूळ. पण शास्त्रातील सर्व विषय वृक्षाच्या आकारात बसत नाहीत. आठव्या वर्गात महाकृष्णा आर्येने केलेले लघुसर्वतोभद्र तप पाहावे. त्यात उपवासांच्या पाच ओळी आहेत. पहिली 1, 2, 3, 4, 5. दुसरी 3, 4, 5, 1, 2. तिसरी 5, 1, 2, 3, 4. चौथी 2, 3, 4, 5, 1. पाचवी 4, 5, 1, 2, 3. आडवी बेरीज 15, उभी 15, दोन्ही कर्णांचीही 15. एका परिपाटीत 75 दिवस उपवास आणि 25 पारणी, मिळून 100 दिवस. अशा चार परिपाटी. हे तप फांद्यांवर लिहिले तर त्याचा ‘सर्वतोभद्र’पणाच नाहीसा होतो. त्यासाठी चौकोनी कोष्टकच हवे. मोहनीय कर्माच्या सोळा कषायांचेही असेच आहे. क्रोध, मान, माया, लोभ या चार उभ्या रकान्यांत आणि अनंतानुबंधी, अप्रत्याख्यानी, प्रत्याख्यानी, संज्वलन या चार आडव्या ओळींत ते नेमके बसतात. वृक्षात मांडताना क्रोधाखाली अनंतानुबंधी घ्यावा की अनंतानुबंधीखाली क्रोध, असा वाद उगाच उभा राहतो. याउलट आठ कर्मांच्या 148 उत्तरप्रकृती, म्हणजे 5, 9, 2, 28, 4, 93, 2 आणि 5, यांना वृक्षासारखी सोय दुसरी नाही.

तिसरी चौकशी देवनागरीची. पुष्कळ साधनांत मराठी अक्षरे पडद्यावर नीट दिसतात, पण पीडीएफ करताना किंवा छापताना जोडाक्षरे फुटतात, वेलांटी सरकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार शब्द लिहून पाहावेत : निर्ग्रंथ, ज्ञानावरणीय, प्रत्याख्यान, अंतकृद्दशा. ते कागदावर छापून घ्यावेत, मग त्याच पीडीएफमधून एक शब्द उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावा. दोन्ही ठिकाणी शब्द शाबूत राहिला, तरच साधन पुढच्या चाचणीला बसवावे. जुन्या टिपणांचा मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा. अन्यथा नकाशात निरर्थक चिन्हांची रांग उतरते. शब्दांच्या रूपांबाबतही शिस्त हवी. एकाच बालमुनींना कोणी अतिमुक्त लिहितो, कोणी अइमुत्ता, कोणी एवंता. तिन्ही रूपे नकाशात विखुरली तर शोध घेताना एक सापडते, दोन हरवतात. खतावणीत एका असामीची तीन खाती कोणी उघडत नाही. फांदीवर एकच रूप ठरवावे. इतर रूपे व मराठी स्पष्टीकरण त्या फांदीला जोडलेल्या टिपणात लिहावे.

आता साधनांची ओळख. ‘फ्रीप्लेन’ हे विनामूल्य व मुक्त स्रोताचे साधन आहे. ते जुन्या ‘फ्रीमाइंड’मधून विकसित झाले. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, इंटरनेटची गरज नाही. त्याची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपातील, एक्सएमएल पद्धतीची असते. त्यामुळे उद्या हे साधन बंद पडले तरी मजकूर वाचता येतो. दूरच्या फांद्यांना जोडणारे, नाव देता येणारे बाण त्यात आहेत. एकच फांदी दोन ठिकाणी ठेवण्याची सोयही आहे आणि एकीकडे केलेला बदल दुसरीकडे आपोआप उतरतो. दिसायला ते रुक्ष आहे, शिकायला दोन-चार संध्याकाळी लागतात आणि ते मुख्यतः संगणकासाठी आहे. ‘एक्समाइंड’ दिसायला देखणे. त्यात वृक्षाबरोबर कोष्टक, कालरेषा असे अन्य आकारही मिळतात आणि ते संगणकावर व मोबाइलवर दोन्हीकडे चालते. पण त्याच्या अनेक सोयी वर्गणी भरल्यावरच खुल्या होतात. ‘सिंपलमाइंड’ मोबाइलवर काम करणाऱ्यांना सोयीचे वाटते. ‘माइंडमाइस्टर’ 2007 पासून इंटरनेटवर चालते. तीन-चार स्वाध्यायींनी वेगवेगळ्या गावांतून एकाच नकाशावर काम करावयाचे असेल तर ते उपयोगी, मात्र विनामूल्य खात्यात मोजकेच नकाशे ठेवता येतात आणि जोडणी नसेल तेथे अडचण होते. ‘माइंडमॅनेजर’ कंपन्यांच्या कचेऱ्यांसाठी घडलेले व महागडे. पर्युषणाच्या तयारीला त्याची गरज नाही.

वर्गणीचा विचार व्यवहारी दृष्टीने करावा. स्वाध्यायीचे काम मुख्यतः पर्युषणापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांचे असते. वर्गणी मात्र बाराही महिन्यांची. खाते दुसऱ्याच्या पेढीवर असेल, तर वर्गणी थकल्यावर आपलीच टिपणे आपल्याला कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे आधी विचारून घ्यावे. दोन गोष्टी मिळत असतील तर निर्धास्त राहावे : एक, छापण्याजोगी पीडीएफ, दुसरी, साध्या मजकुराच्या उतरत्या यादीची किंवा ओपीएमएल स्वरूपाची प्रत, जी दुसऱ्या साधनात उघडते. ही दुसरी प्रत ज्यातून काढता येत नाही, ते साधन कितीही देखणे असले तरी टाळावे.

एवढ्या चौकशीनंतरही सर्वांत मोठी कसोटी बाकी राहते आणि ती स्थानकातच लागते. श्रावक-श्राविका प्रवचन बहुधा सामायिकात बसून ऐकतात. स्वाध्यायीही सामायिक घेऊन, मुखवस्त्रिका बांधूनच शास्त्रवाचन करतो. सामायिकाच्या त्या 48 मिनिटांत विजेवर चालणाऱ्या उपकरणाला हात लावायचा नाही, ही मर्यादा आहे. साधु-साध्वींसाठी तर परंपरेनुसार ही उपकरणे आयुष्यभर वर्ज्यच. मग पडद्यावर रंगवलेला, फांदीवर बोट ठेवताच उलगडणारा नकाशा नेमक्या वेळी कोठे असतो? पिशवीत, बंद. ज्या घटकेसाठी सारी तयारी केली, त्या घटकेला साधन हाताशी नसते. जवळ असतो तो एखादा छापील कागद आणि जे मनात उतरले असेल तेवढेच.

यास उणीव मानण्याचे कारण नाही. शास्त्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. धर्मकथा, म्हणजे प्रवचन, शेवटी येते. गुरूंकडून पाठ घ्यावा, शंका विचारावी, पुनःपुन्हा आवर्तन करावे, अर्थावर चिंतन करावे आणि मगच इतरांना सांगावे. सॉफ्टवेअरचा मोह असा की ते वाचनेवरून थेट धर्मकथेवर उडी मारू देते. एका संध्याकाळी ग्रंथातील नावे फांद्यांवर बसवली, रंग दिले, चित्रे चिकटवली की तयारी झाल्याचे समाधान मिळते. मधले तीन टप्पे राहून गेले, हे तिसऱ्या दिवशी एखाद्या वृद्ध श्राविकेने साधा प्रश्न विचारल्यावर कळते.

आधुनिक संशोधनाचा कौलही याच बाजूचा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील जेफ्री कार्पिके आणि जानेल ब्लंट यांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून त्याचा कन्सेप्ट मॅप काढला. काहींनी मजकूर वाचून तो बाजूला ठेवला आणि जे आठवेल ते लिहिले, पुन्हा वाचले, पुन्हा लिहिले. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांचे ज्ञान अधिक पक्के निघाले. परिवर्तना म्हणजे दुसरे काय? यावरून नकाशा काढूच नये, असे मात्र ठरत नाही. नकाशा ग्रंथ मिटून काढावा, हा त्याचा बोध आहे. प्रथम एक वर्ग वाचावा. मग ग्रंथ मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा नकाशा हाताने काढावा. नंतर ग्रंथ उघडून राहिलेल्या फांद्या वेगळ्या शाईने भराव्यात. चार दिवसांनी पुन्हा तसेच करावे. वेगळ्या शाईच्या फांद्या दरवेळी कमी होत जातील. जेव्हा त्या अगदी थोड्या उरतील, तेव्हाच तो नकाशा संगणकावर चढवावा. संगणकावरची प्रत ही पक्की खतावणी. शिकणे कच्च्या वहीतच होते.

या दृष्टीने पाहिल्यावर निवड अवघड राहत नाही. घरी संगणक असेल आणि थोडे शिकण्याची तयारी असेल, तर फ्रीप्लेनवर काम करावे. लघुसर्वतोभद्रासारखी कोष्टके वेगळ्या कागदावर आखून नकाशाला जोडावीत. सारे काम मोबाइलवरच करायचे असेल, तर सिंपलमाइंड किंवा एक्समाइंड देवनागरीच्या चार शब्दांवर पारखून मगच स्वीकारावे. अनेकांनी मिळून काम करावयाचे असेल, तरच इंटरनेटवरच्या साधनाकडे वळावे आणि प्रत्येक महिन्याला त्याची प्रत आपल्याकडे उतरवून घ्यावी. आणि ज्यांना यातले काहीच जमत नाही, त्यांनी मनात कमीपणा आणू नये. शंभर पानी वही, दोन शाया आणि एक पट्टी यांनीही हे काम पूर्ण होते. आजवर ते तसेच होत आले आहे. मूर्तिपूजक बांधवांच्या कल्पसूत्रवाचनाला किंवा दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वातील तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांनाही हीच रीत लागू पडते.

मात्र एका बाबतीत संगणकाची प्रत वहीपेक्षा निश्चितच श्रेष्ठ आहे. स्वाध्यायीची वही त्याच्याबरोबर जुनी होते. वीस-पंचवीस पर्युषणांचे चिंतन, कोणत्या गावात कोणता दृष्टांत भिडला, कोठे कोणती शंका निघाली, हे सारे त्या वहीत असते. आणि वृद्धापकाळी ती वही कपाटात जाते, पुढे कोणत्यातरी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत निघते. मुलांना तिचे अक्षर लागत नाही. ज्ञानदानाचे माहात्म्य ऐकवणाऱ्याचेच ज्ञान असे निकालात निघावे, ही खंत आहे. त्याच वहीचा नकाशा करून ठेवला, तर त्याची प्रत पाथर्डीला, शेवगावला, जामखेडला, ज्या स्वाध्यायीला प्रथमच पाठवले जात आहे त्याच्या हाती देता येते. घरातील नातवाला किंवा नातीला हे काम सांगावे. आजोबांनी वही वाचून दाखवावी आणि नातीने टंकलेखन करावे. पहिल्या दिवशी तिला गजसुकुमाल कोण, हे विचारावे लागेल. नव्वद नावे पूर्ण होईपर्यंत मात्र तिची वाचना आणि पृच्छना नकळत घडून गेलेली असेल.

पर्युषण संपवून स्वाध्यायी घरी परततो, तेव्हा काम संपले असे मानून नकाशा मिटू नये. त्या आठ दिवसांत श्रोत्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न, उत्तर देता आले असो वा नसो, ज्या त्या फांदीखाली त्याच आठवड्यात लिहून ठेवावा. मग एक प्रत छापून स्थानकाच्या ग्रंथालयात द्यावी आणि एक फाइल स्वाध्याय संघाकडे पाठवावी. पुढच्या वर्षी त्या गावी दुसरा कोणी जाईल. मागच्या वर्षीच्या त्या श्राविकेचा प्रश्न त्याच्या कागदावर आधीच लिहिलेला असेल आणि या खेपेस तो तिला उत्तर देऊ शकेल.